जावयाचं पडणं

जावयाला जमिनीवर आपटणं हाच ज्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग, असा सासरा अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मित्रांच्या सासऱ्यांनी अधिक महिन्यात त्यांना अनारसे दिले, चांदीची निरांजनं दिली. माझ्या सासऱ्यांनी ताटात घालून एक जाडजूड पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि कमरेचा पट्टा दिला आणि म्हणाले, घाला आणि मागच्या अंगणात या.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. ते रेल्वेत होते. नागपूरला बदली असताना तिथल्या एका सरांकडे ते आयकिडो शिकले. ही जपानी विद्या. अंगावर येणाऱ्याचा जोर अडवायचा नाही, त्याला वाट द्यायची, वळवायचं आणि त्याच्याच जोरात त्याला अलगद निजवायचं. स्पर्धा नाही, कप नाही. निवृत्त होऊन अर्जुनी मोरगावला परतल्यावर त्यांनी घरामागे धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून वर ताडपत्री ताणली आणि त्याला डोजो म्हणू लागले. कोणी आखाडा म्हटलं की दिवसभर नाराज. शेजाऱ्यांच्या गाई हा डोजो कडेकडेने खात, त्यामुळे तो पंधरवड्याला हातभर लहान होई. चार विद्यार्थी जमले होते. त्यांना पहिले सहा महिने फक्त पडायला शिकवलं. शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "यात जिंकते कोन?" मामाजी म्हणाले, "कोनीच नाही." "मंग कायले करून राहिलो जी आपन?" एवढं बोलून तो गेला आणि आठवड्याभरात बाकीचे तिघंही गेले. पडायचंच तर शेताच्या धुऱ्यावरून पडू, असं त्यांचं म्हणणं.

मामाजी मात्र ही विद्या ताडपत्रीवर सोडून येत नसत. एसटीत चढताना मागून रेटा आला की ते मोठ्या डौलात बाजूला वळून त्याला वाट देत. अशी पंधरा-वीस जणांना वाट देऊन झाली की गाडी भरायची आणि हे गोंदियापर्यंत उभे, चेहऱ्यावर विजयाचं समाधान. सासूबाई भांडायला आल्या की त्याच न्यायाने ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत. त्याने त्या माऊलीचा पारा आणखी चढे. तिचा खरा राग माझ्यावरून होता. जवायाले आपटते का कोनी, गावात पोरीनं काय तोंड दाखवावं, असं म्हणत ती हळद-तेलाची वाटी घेऊन पायरीवर बसायची.

वाटीची कधी गरज पडली नाही, कारण चार जण गेल्यावर उरलो मी, आणि मी पडलो जावई. आयकिडोत समोरच्याने मनगट घट्ट धरावं लागतं, तरच पुढचं सगळं. आता सासऱ्याचं मनगट आवळायचं कसं? मी ते चहाची बशी धरावी तसं धरायचो आणि त्यांचा हात हलायच्या आत ताडपत्रीवर आडवा व्हायचो. मामाजी खूश. जोर लागलाच नाही पाहा, म्हणायचे. लागणार कुठून? अशी आठ वर्षं, दर रविवारी.

मग एकदा नागपूरच्या सरांनी कळवलं की येतो, काळ्या पट्ट्याची परीक्षा घेतो. एकोणसत्तराव्या वर्षी मामाजी महिनाभर लहान पोरासारखे झोपले नाहीत. डोजोला नवं तणस आलं, गाई हाकलल्या गेल्या. सर आले, खुर्चीवर बसले. मी मनगट धरलं आणि पडलो. दुसऱ्यांदा धरलं आणि पडलो. सरांनी हात वर केला, मला आमचं नातं विचारलं आणि ते ऐकून म्हणाले, तरीच.

मामाजी माझ्याकडे वळले. "जवाईबापू," ते म्हणाले, "आठ वर्षांत तुमी खरंच पडले का कदी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढे केला. "धरा. सासरा समजू नका."

मी धरलं, शेतकऱ्याच्या पोराने धरावं तसं. मामाजी वळले, वाकले, लालेलाल झाले. मी तसूभर हललो नाही. पट्टा राहिला. सर पुढच्या वर्षी येतो म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मी पाया पडायला वाकलो तर मामाजी हसत होते. म्हणाले, आठ वर्षांत आज पहिल्यांदा कोनी धरलं मले.

त्यानंतर मी प्रत्येक रविवारी खरंच धरलं. सात महिन्यांनी एका रविवारी मी कसा कोण जाणे आकाश बघत होतो. सासूबाईंची वाटी तेव्हा प्रथम कामी आली. सर मात्र परत आले नाहीत.

आता मामाजींचे गुडघे गेलेत. मी गेलो की खुर्चीतूनच मनगट पुढे करतात. ते इतकं बारीक झालंय की माझ्या मुठीत मावून वर जागा उरते. मुद्दाम पडावं, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल, असं दर वेळी मनात येतं. या माणसावर माझा फार जीव आहे, म्हणूनच मी पडत नाही. घट्ट धरून ठेवतो. ते थोडा वेळ खटपट करतात, दमतात आणि खुशीत म्हणतात, पुढच्या रविवारी पाहू.