अक्कांचे पिवळे मोजे

आमच्या शेजारच्या अक्का रागावल्या की भांडत नसत, विणायला घ्यायच्या. त्यामुळे त्यांच्या हातात सुया दिसल्या की धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या बायका आपलं काही चुकलं का ते आठवू लागत.

मेंढपाळांकडून लोकर आणून अक्का टकळीवर स्वतः सूत काढायच्या. डाळिंबाच्या साली, पळसाची फुलं, कांद्याची टरफलं उकळून ते रंगवायच्या आणि त्याचे नक्षीदार मोजे विणायच्या. हळदीला मात्र हात लावत नसत. साबण लागला की हळद लाल होते. "हळद चुगलखोर शे," असं त्या म्हणायच्या.

जळगावची त्यांची नणंद दर थंडीत लाडीगोडी लावून चार जोड घेऊन जायची. एका वर्षी धुळ्याच्या प्रदर्शनात तेच मोजे आपण विणले असं सांगून तिने शाल-श्रीफळ घेतलं. अक्का समोरच बसल्या होत्या. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. घरी आल्या आणि सुया काढल्या.

पुढच्या प्रदर्शनाला अक्कांनी आपणहून तिला एक साधा पिवळा जोड दिला. रंग पक्का आहे हे दाखवायला लोकांसमोर मोजा साबणाच्या पाण्यात बुचकळायची नणंदेची सवय होती. तिने तो बुचकळला. डाळिंबाचा पिवळा पिवळाच राहिला आणि मध्ये हळदीच्या धाग्याने विणलेली अक्षरं लाल होऊन वर आली: चोर. मी तिथे होते. इतका आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. अक्का एवढंच म्हणाल्या, "रंग बोलना, मी नही."

मागच्या थंडीत अक्कांनी अंथरूण धरलं, तेव्हा नणंद रडत भेटायला आली. आता सोडून द्या, असं मीच अक्कांना म्हटलं.

"माफ करानं काम देवनं शे, मन्हं नही," अक्का म्हणाल्या. मग उशाखालून एक पिवळा जोड काढून त्यांनी हसत तिच्या हातात ठेवला.

थंडी सरता सरता अक्का गेल्या. अजूनही सकाळी त्यांच्या ओट्याकडे बघवत नाही. तेराव्याला नणंद आली ती तेच मोजे घालून. टाचा काळ्याकुट्ट झाल्या होत्या, वास येत होता. गेलेल्या माणसाची वस्तू टाकवत नव्हती आणि धुवायची तर छातीच होत नव्हती. मला स्वयंपाकघरात गाठून तिने हळूच विचारलं, ह्यात काय लिहिलंय हो?

त्या जोडाचं सूत अक्कांनी माझ्यासमोर रंगवलं होतं. सगळं डाळिंबाचं. हळद चिमूटभरही नव्हती.

मी म्हटलं, "धुऊन बघा ना."