घरच्याला कमी तारे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या टोळीच्या प्रमुखाला सगळे दादा म्हणत, कारण टोळीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि त्याच्या तोंडचं 'दादा' बाकीच्यांनी उचललं. दादाचं एक तत्त्व होतं: आपल्या माणसाला शेवटी वाढायचं आणि आधी बोलायचं. लिफ्टखालच्या खड्ड्यात घाण पाणी साचलं की उतरायचं धाकट्याने. दरवाजा दुसऱ्याच कुणी वाकडा बसवला, तरी दादा तोंडसुख घेणार धाकट्यावर. लोक म्हणत, दादा म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. हे ऐकायला दादाला फार आवडे, वरवर तो कितीही नको-नको म्हणो.

धाकट्याच्या बायकोला मात्र हे कौतुक सोसत नसे. ती म्हणायची, "भाऊजी चांगले आहेत हो. पण त्यांचा चांगुलपणा नेहमी आमच्याच ताटातून जातो."

धाकटा हसून सोडून द्यायचा. ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा टोळीत कुणी नव्हता. दादाला ते पक्कं ठाऊक होतं, फक्त भावाला तोंडावर तसं म्हणायची त्याची रीत नव्हती.

मग कंपनीने ॲप आणलं. प्रत्येक कारागिराच्या नावाखाली दरवाजे, दोर, ब्रेक, पॅनेल अशी कामं, आणि प्रत्येक कामापुढे पाच तारे. कुणाला काय किती येतं ते प्रमुखाने मोबाइलवर भरायचं. ऑफिसातल्या बाईंनी समजावलं, "खरं तेच भरा. पुढचे निर्णय यावरच होणार आहेत."

दादा जिन्यात बसून भरायला लागला. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला, म्हणून त्याने सगळ्यांना चार-चार देऊन टाकले. पॅनेल उघडताना ज्याचे हात थरथरत आणि ज्याला सगळे 'शॉक' म्हणत, त्यालाही पॅनेलचे चार मिळाले. धाकट्याचं नाव आलं आणि अंगठा थबकला. हे तर सगळी टोळी बघणार. भावाला पाच दिले, तर म्हणतील याने आपलीच पोळी भाजून घेतली. त्याने ब्रेकला तीन दिले, बाकी सगळीकडे दोन, आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेला.

वर्ष संपता संपता कामं कमी झाली. प्रत्येक टोळीतला एक माणूस काढायचा ठरलं. ॲपने यादी लावली, त्यात धाकटा तळाला होता.

दादा धावत ऑफिसात गेला. "बाई, ते तारे खरे नाहीत हो. तो माझा भाऊ आहे."

"म्हणून तर आम्ही शंका घेतली नाही," बाई म्हणाल्या. "सख्ख्या भावाला उगाच कोण कमी देईल?"

"मी दिले. घरच्याला कमीच द्यायचं असतं."

बाईंनी कीबोर्ड जवळ ओढला. "बरं. आत्ता दुरुस्त करते. पण एक जण जाणारच. जास्त तारे कुणाला दिलेत, तेवढं सांगा."

शॉकचं नाव दादाच्या ओठांवर आलं. ते खरंही होतं. पण भावासाठी दुसऱ्याचं नाव घेतलं, हे संध्याकाळपर्यंत टोळीत पोचलं असतं, आणि धुतल्या तांदळात खडा निघाला असता. "बघतो," म्हणाला आणि बाहेर आला. भावाची भाकरी की आपलं नाव, यात त्याने नाव राखलं आणि मनात त्याला तत्त्व म्हटलं. असलं तत्त्व चुलीत घालावं.

खाली धाकटा पिशवीत पाने-पकडी भरत होता.

"दादा, ब्रेकला तीनच?" त्याने वर न बघता विचारलं. "मला वाटायचं, तू नुसता तोंडाने बोलतोस. मनात तसं नसतं."

"नसतंच. पाच येतात तुला."

"मग वर जाऊन सांग की त्यांना."

"सांगून आलो," दादा म्हणाला. "सगळं सांगितलं. ऐकत नाहीत."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो उठला आणि त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगितलंस ना? मग बास. आता आणखी भांडू नकोस. माझ्यापायी तू कुणाच्या नजरेत वाईट होऊ नकोस."