मान दुखली तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. देवाशी मी कधी फार बोललो नाही. बायको होती तोवर देवघर तिचं होतं. ती गेली, मुलगा पुण्याला राहायला गेला, आणि इंदूरच्या घरात मी आणि तिचा पितळेचा गणपती असे दोघंच उरलो. त्याला रोज फूल वाहायचो, पण मान कधी झुकवली नाही. मिलमध्ये सायबापुढे नाही झुकवली, तर याच्यापुढे कशाला, असा माझा माज.

गेल्या साली गणपतीच्या आधी गल्लीत मांडव घालत होते. एक बल्ली, म्हणजे लाकडी वासा, आडवी बांधलेली, बरोबर सायकलवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर. मांडववाले म्हणाले, बाबूजी, उतरून जा. मी म्हटलं, चाळीस वर्षं या गल्लीतून सायकल चालवतोय, मला शिकवू नका. आणि सीधा गेलो. बल्ली गळ्याच्या डाव्या बाजूला बसली. पडलो, उठलो, काही झालं नाही म्हणून कपडे झटकले.

घरी येऊन गणपतीला विचारलं, तुझ्याच मांडवाची बल्ली, रोज फूल वाहतो त्याचं हेच का? रविवारी मुलाचा फोन आला, त्याला सगळं मजेत म्हणून सांगितलं. तोवर डावीकडे मानेत आणि डोळ्यामागे असं दुखत होतं की झोप लागेना. घरात सांगायला कोणी नव्हतं, आणि होता त्या गणपतीला सांगायची मला सवय नव्हती.

सोमवारी नस बसवणाऱ्या पहलवानाकडे गेलो. आमच्याकडे मान अवघडली की माणूस तिथंच जातो. तो डोकं धरून एक झटका देतो, कट्ट आवाज येतो, की मोकळं. बाहेर बाकावर नंबर लावून बसलो. शेजारी देपालपुरची एक बाई, गुडघा दाखवायला आलेली. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर मी आपल्या हिंदीत म्हणालो, "मेरी मान दुख री है." गर्दन म्हणायचं सुचलंच नाही.

ती हसली. "मान तो सबको दुखे, बा."

हिंदीत मान म्हणजे इज्जत, हे ध्यानात आलं आणि मी रागानं तिच्याकडे वळलो. तेव्हा तिचं हसू थांबलं. माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"बा, तमारी एक आँख छोटी वई गी. घर में कोई देखे नी कंई?"

कित्येक महिन्यांत माझ्या चेहऱ्याकडे कोणी इतका वेळ पाहिलं नव्हतं. एक डोळा बारीक झालाय हे मलाही ठाऊक नव्हतं. आधी मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाली. मी म्हटलं, माझा नंबर जाईल. तर म्हणाली, नंबर मी राखते, तुम्ही जा. खरं सांगतो, तिला खोटं पाडायलाच रिक्षा करून पलासियाच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरनं डोळा पाहिला, बल्लीचं ऐकलं आणि मला तिथंच आडवं केलं. तपासणीत निघालं, मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी नस आतून फाटली होती आणि तिथं गुठळी धरत होती. मानेला झटका बसला असता तर गुठळी मेंदूत जाऊन अर्धं अंग गेलं असतं, किंवा सगळाच कारभार आटोपला असता. पहलवानाकडे माझ्यापुढे दोनच माणसं उरली होती. बरोबर कोण आहे, असं नर्सनं विचारलं, तेव्हा मुलाला फोन लावला आणि पहिल्यांदा म्हणालो, ये.

औषधांवर निभावलं. बरा झाल्यावर त्या बाईला शोधायला गेलो. पहलवान म्हणाला, देपालपुरच्या कितीक बाया येतात. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मला पाहणारं कोणी नव्हतं आणि त्या दिवशी कोणीतरी पाहिलं, एवढंच मला ठाऊक आहे.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा गणपतीपुढे उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मान झुकवावीशी वाटत होती, आणि डॉक्टरची सक्त मनाई. तसाच ताठ उभा राहून रडलो. त्यानं चालवून घेतलं.

यंदा पुन्हा मांडव घातला. बल्ली तिथंच, तेवढ्याच उंचीवर. कोणी काही म्हणायच्या आत मी सायकलवरून उतरलो आणि वाकून खालून गेलो. मूर्ती अजून यायची होती. नमस्कार मात्र पोचला असावा.