घासतंय, पण फिरतंय

सकाळचा चहा गाळून झाला की माझा फोन वाजायचा. पलीकडून एकच शब्द यायचा, "फिरतंय," आणि फोन बंद. झोप लागली का, गुडघा काय म्हणतोय, असलं काही नाही. माझ्या थोरल्या नणंदेनं, शालिनीवन्संनी, आपण ठीक असल्याची दिलेली ही रोजची वर्दी. परवाच्या श्रावणात एका सकाळी मी चहा गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला, तरी फोन वाजेना. मुलाला म्हटलं, "गाडी काढ." पंचवटीतलं त्यांचं दार माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. वन्सं खिडकीजवळच्या पलंगावर कुशीवर निजल्या होत्या, चष्मा उशाशी नीट मिटून ठेवलेला... बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. त्या गप्प फोननं ती आधीच सांगितली होती.

त्या 'फिरतंय'ची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. वन्संचे यजमान, आमचे भावजी, गेले त्या वर्षीची. वन्संचा एकुलता एक मुलगा हेमंत पुण्याला. घराला कुलूप लावून आईला घेऊन जायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मुलगा वाईट नाही हो. जीव होता म्हणूनच हट्ट होता. वन्सं म्हणायच्या, "तुझ्याकडे मला काही कमी नाही रे, पण तिथं मी पाहुणी. इथं मी घरची." दसऱ्याला तो आला तेव्हा पुन्हा तोच वाद. त्याची कॉलेजातली गिअरची सायकल, जाड टायरची, डोंगरातली, ती बोळात पडून होती, आणि वन्सं अलीकडे तिच्यावरून भाजी आणायच्या. हेमंत वैतागून बोलून गेला, "एकटी राहायची एवढी ताकद आहे ना? मग ह्याच सायकलवर अंजनेरीला जाऊन ये. मामीला घे सोबत. पण मदतीला फोन केलास, नाहीतर कुणाच्या गाडीत बसून आलीस, तर सामान बांधायचं."

"शब्द?" वन्संनी विचारलं.

"शब्द," तो हसत म्हणाला. तो हसला, तिथंच फसला.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा साठी ओलांडलेली, म्हणजे अगदीच अल्लड. लग्नाआधी कॉलेजला सायकलनं जात होते, तेवढ्या भांडवलावर स्वतःला यंत्रांची डॉक्टर समजायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वन्सं सायकलची पूजा करत होत्या, हळदकुंकू, हँडलला झेंडूचा हार, आणि मी शहाणी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन जे जे कोरडं दिसेल त्याला पाजत सुटले होते. ब्रेकची ती चकचकीत चकतीही मला फार कोरडी वाटली. तिलाही पाजलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वन्सं पुढं, मागं मी नातीच्या गुलाबी सायकलवर, बास्केटमध्ये दशम्या. पूजेचा हार सुकल्याशिवाय उतरवायचा नाही, म्हणून तो तसाच. त्र्यंबक रोडला शहर मागं पडतंय तोवर हार घरंगळला आणि त्याचा दोरा मागच्या दातेरी चक्रांत गेला. करकर आवाज झाला, चेन पडली. वन्संनी रस्त्याच्या कडेला बसून केसांतल्या आकड्याच्या टोकानं एकेक पाकळी उकरली, मागचं चाक उचललं, हातानं पॅडल फिरवलं आणि म्हणाल्या, "फिरतंय." पुढं चेन आणखी कितीदा पडली ते विचारू नका. दर वेळी तेच. चाक उचलायचं, पॅडल फिरवायचं, "फिरतंय."

अंजनेरीच्या फाट्यावरून आत कच्च्या रस्त्यानं पायथ्याशी पोचलो, दशम्या खाल्ल्या. डोंगराकडे बघत वन्सं म्हणाल्या, "ह्यांना दाखवायचं राहिलं गं..." एवढंच. आणि परतीच्या पहिल्याच उतारावर ब्रेक लागेना. मी मागून बघतेय, वन्संचे दोन्ही पाय जमिनीवर घासताहेत, धूळ उडतेय, आणि त्या सरळ घाणेरीच्या झुडपात. धावत गेले तर केसांत फुलं अडकलेली, कोपर सोललेलं. चकतीवर बोट फिरवून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

"सुमन, ब्रेकला तेल घालतात?"

"कोरडं होतं, वन्सं."

"कोरडंच असायला हवं होतं, बये!" आणि मग दोघी रस्त्यात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

ओढणीनं चकती रगडून पुसली. पुसताना ती वाकली की काय, कोण जाणे. आता चाक फिरताना घासायला लागलं. वन्संनी पॅडल फिरवून ऐकलं. "घासतंय, पण फिरतंय." थोडं गेलो तर टायर बसला. पंप होता, पंक्चर काढायचं सामान नव्हतं. हवा भरायची, जरा चालवायची, पुन्हा भरायची. शेवटी टायरनं तेही नाकारलं, तेव्हा चालू लागलो. एक पिकअपवाला थांबला. "आज्जी, टाका ना मागं. नाक्यावर सोडतो. ऊन लय हाय."

माझा हात सायकल द्यायला पुढं झालासुद्धा. वन्सं म्हणाल्या, "नको रे बाळा. तुझ्या गाडीत बसले, की थेट पुण्यालाच उतरेन." तो बिचारा, पुणं कुठं आलं मध्येच, म्हणून रस्त्याकडेच्या पाटीकडे बघत राहिला. मी विचारलं, "पाय दुखत नाहीत?" तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "दुखताहेत गं. पण त्या घरात ह्यांचा खोकला अजून ऐकू येतो मला. पुण्यात कुठं येणार?" मग मी सायकल एका बाजूनं धरली.

दिवेलागणीला पंचवटीत शिरलो. हेमंत दारात उभा, खिशातल्या फोनवर हात. आईचे काळे हात, सोललेलं कोपर, चपटा टायर बघितला. सायकल उचलून बोळात ठेवली. आत येऊन म्हणाला, "रोज सकाळी मामीला फोन करायचा. तेवढं तरी." तेव्हापासून 'फिरतंय'.

त्या त्याच घरात राहिल्या, आणि त्याच घरातून गेल्या.

तेरावं झाल्यावर हेमंतनं विचारलं, "मामी, सायकल तुम्ही नेता?" आता ती माझ्या गॅलरीत सीट-हँडलवर उलटी ठेवलेली आहे. मागच्या चक्रात अगदी आत त्या झेंडूच्या दोऱ्याचा एक तुकडा अजून अडकलाय. त्यांनी तो कधी काढला नाही, मीही काढलेला नाही. सकाळी चहा गाळला की जाऊन हातानं पॅडल फिरवते.

काल फिरवत होते आणि फोन वाजला. त्या वेळेला वाजला म्हणून कप हातातून सुटलाच असता. हेमंत होता. म्हणाला, "मामी, फिरतंय ना?"

चाकाकडे बघितलं. "घासतंय रे," म्हटलं, आणि ते थांबेपर्यंत फोन चाकापाशी धरून ठेवला, त्यालाही ऐकू जावं म्हणून.