हत्यारं विसाव्याला होती त्या दिवशी

त्या वर्षीच्या नवरात्रात मी अंबाबाईच्या दर्शनाला गेलो नाही. जमलं नाही असं नव्हे, रुसून गेलो नाही. कळंब्याच्या रस्त्याला माझं मोटारींचं गॅरेज. दोन हजार सालानंतर संगणकाच्या गाड्या आल्या आणि नुसत्या आवाजावरून इंजिनचं दुखणं सांगणारा माझ्यासारखा मिस्त्री मागं पडला. कालपर्यंत ज्यांना माझ्या कानावर भरवसा होता, तेच आता वायर जोडून पडद्यावरचे आकडे वाचणाऱ्याकडं जायला लागले. देवीनं आपल्याकडं पाठ फिरवली, असं मी मनाशी धरून बसलो होतो. नाकावर राग असणाऱ्या माणसाला असलं काही मनात धरायला फार वेळ लागत नाही.

खंडेनवमीला सकाळी कोडोलीचे एक निवृत्त मास्तर पत्नीला घेऊन आले. काकूंना दमा होता, दर आठवड्याला कोल्हापुरात दवाखाना. धूळ सोसत नाही म्हणून गाडीच्या काचा कायम बंद. दोनेक महिन्यांपासून प्रवासात त्यांचं डोकं चढायचं, मळमळायचं. दुखणं बळावलं म्हणून औषधं वाढवली होती. त्यातच गाडीचा इंजिनचा दिवा पेटून राहिला. एका मोठ्या वर्कशॉपनं संगणक लावून सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय, बदला. हा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा. त्याच्या आतल्या जाळीतून जाताना इंजिनच्या धुरातलं विष बरंचसं मरतं. नवा डबा यायला महिना लागणार होता, आणि काकूंना दवाखान्याला नेताना गाडी वाटेत बंद पडेल या काळजीनं मास्तरांना धीर निघत नव्हता.

माझ्याकडं झटपट इलाज होता. डबा उतरवायचा, छिन्नीनं जाळी फोडून टाकायची आणि दिव्याची वायर कापायची. त्या काळी आमच्यातले बरेच जण हेच करत, मीही केलं होतं. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते. मास्तरांना म्हटलं, बसा, दोन तासांत देतो.

पण आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, पहाटेच सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडली होती. पाने, पकडी, छिन्नी, हातोडा, सगळ्यांना कुंकू आणि झेंडूची फुलं. मी छिन्नीला हात घातला तशी तिनं माझं मनगट धरलं.

"आज त्यास्नी इसावा हाय. उद्या सोनं वाटल्याबिगर एक पाना हलायचा न्हाई हितनं."

"गिऱ्हाईक खोळंबलंय, दिसत न्हाई व्हय तुला?"

"दिसतंय की. पण वरीसभर तुमच्या हातानं राबत्यात ती. एक दिस तरी सोडा त्यास्नी."

चार माणसांत काय बोलणार? मी चरफडत बाहेर आलो आणि नुसतं काहीतरी करायचं म्हणून मास्तरांच्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. धूर नको म्हणून काकू लांब बाकावर बसल्या होत्या. पूजा आटोपून मंडळी उदबत्ती घेऊन आली. दारात उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाची असली तरी त्या दिवशी तिला ओवाळायचं, ही आमची रीत. तिनं कुंकू लावलं आणि उदबत्ती इंजिनवरून फिरवली. सरळ वर जाणारा धूर एका जागी एकदम फाटला. तिनं हात मागं घेतला, धूर सरळ झाला. पुन्हा पुढं नेला, पुन्हा फाटला.

"अवो, हितनं वारं येतंय की," ती म्हणाली.

शेडमध्ये पान हलत नव्हतं. इंजिन अजून तापलं नव्हतं, म्हणून त्याचा पंखाही फिरत नव्हता. मी वाकून तिथं हात धरला तर बोटांना फुंकर लागली. ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबलं, तशी त्या जागी फुसफुस वाढली. इंजिन आणि डबा यांच्यामधल्या जोडाचं पॅकिंग उडालं होतं, भोवती काजळी धरली होती. तिथून धूर बाहेर पडत होता, आणि मधेच बाहेरची हवाही आत ओढली जात होती. त्या हवेनं डब्याच्या पलीकडं धूर तपासणारा सेन्सर फसला आणि संगणकानं निर्दोष डब्यावर ठपका ठेवला.

मी काकूंना विचारलं, "गाडीतनं उतरल्यावर कसं वाटतंय?"

"घटकाभरानं बरं वाटतंय बघा. बसलं की पुन्हा सुरू."

बाहेर पडलेला धूर बॉनेटखालून हवेच्या झडपेवाटे बंद काचांच्या आत जात होता. मी जाळी फोडून दिवा विझवला असता, तर तेच विष त्या माउलीला पाजत राहिलो असतो, आणि सावध करणारं काही उरलं नसतं.

त्या उभयतांना आम्ही रात्री घरीच ठेवून घेतलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पहिला पाना त्या जोडाला लावला आणि नवं पॅकिंग बसवलं. ओळखीच्याकडून संगणकावर पाहून घेतलं. डब्याच्या पलीकडच्या सेन्सरची रेघ आता शांत होती, म्हणजे जाळी धडधाकट. दिवा पुन्हा लागला नाही. काकूंचा दमा काही गेला नाही, तसं मी म्हणणारही नाही. गाडीतलं डोकं चढणं मात्र थांबलं.

याला चमत्कार म्हणावं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला एवढंच कळलं की आपले हात अडवले जातात तेव्हा प्रत्येक वेळी आपलं नुकसानच होत असतं असं नाही. आई, मी तुझ्याकडं आलो नाही, तर तूच माझ्या शेडपर्यंत आलीस.

निघताना मास्तरांना मी सगळं खरं सांगितलं होतं, माझा बेतसुद्धा. संध्याकाळी कोडोलीहून त्यांचा फोन आला. म्हणाले, "वाटेत ही गाढ झोपली हो. दारात आल्यावर हाक मारली, तेव्हा उठली. डोकं चढलं नाही की मळमळलं नाही."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ हात जोडून तिथंच उभा राहिलो.