‘हं’ न म्हणण्याचं वर्ष

घरात तिला सगळे थोरली म्हणत, आणि जे काही असेल ते थोरलीला सांगायचं हा घरातला शिरस्ता होता. आईचे बहिणींशी झालेले रुसवे, बाबांची ऑफिसातली कटकट, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांचा सगळा इतिहास तिच्या कानांवरून जायचा. तिने करायचं एवढंच, की भांडी विसळता विसळता योग्य जागी ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबायची आणि आई विचारायची, कुठे आहे लक्ष? तिने मानसशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा आत्या म्हणाली होती, हिला आता त्यात काय शिकायचं राहिलंय?

पदवी चार वर्षांची होती आणि त्यातलं तिसरं वर्ष परदेशातल्या विद्यापीठात काढायचं होतं. तिथे एका प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्यावर प्रकल्प लिहायचा. प्रकल्प पास झाला तर वर्ष धरलं जाणार. नाहीतर परत येऊन तिसऱ्या वर्षाच्या बाकावर, मागून आलेल्या मुलांच्या शेजारी बसायचं. विभागातल्या सरांनी निघताना हे सांगितलं होतं, पण विमानात किती सामान नेता येतं ते सांगावं अशा सुरात. त्यामुळे तिने ते तितकंच मनावर घेतलं.

प्रयोगशाळा म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर रेकॉर्डर. निवृत्त माणसांना बोलवायचं, समोर बसवायचं आणि कार्डावरचं एक वाक्य वाचून दाखवायचं: तुमच्या नोकरीचा पहिला दिवस जेवढा आठवतो तेवढा सांगा. मग माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत गप्प बसायचं. कुणाचीही मदत नसताना वयानुसार माणसाला किती आठवतं, हे बाईंना मोजायचं होतं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. प्रत्येकाला सारखीच वागणूक मिळाली पाहिजे आणि ती वागणूक म्हणजे काहीच नाही, हा त्यांचा नियम. काम शिकवलं ते तिच्याबरोबरच्या चष्मेवाल्याने. त्याचा आवाज स्टेशनावरच्या घोषणेसारखा होता आणि चेहराही साधारण तसाच. गप्प बसायचं, बस, एवढंच त्याने सांगितलं. तेवढं काय, असं थोरलीला वाटलं. घरी ती आजवर गप्पच तर बसत आली होती.

हिवाळाभर माणसं आली. तिच्यासमोर ती खुलायची. कुणाला पहिल्या दिवशीच्या बुटांचा चावा आठवला, कुणाला साहेबांच्या टेबलावरचा काचेचा मासा. एक आजी बोलता बोलता उठून उभ्या राहिल्या आणि टपालाची पिशवी खांद्यावर कशी घ्यायची ते त्यांनी करून दाखवलं. रेकॉर्डिंगं साठत गेली. ती ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचं काम शेवटी होतं. खोकला आला तर खोकलासुद्धा लिहायचा, असा दंडक होता.

बाईंनी एक रेकॉर्डिंग सहज तपासायला घेतलं, अर्ध्यात थांबवलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

“यात कोण बोलतंय?”

“ते काका.”

“आणि मध्ये मध्ये?”

“मध्ये कुणी बोलत नाहीये.”

हे ती खोटं बोलत नव्हती. बाईंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग तिला ऐकू आलं. हं. हंहं. हं. एका ठिकाणी तर चक्क ‘मग?’ तिच्या घरी त्याला बोलणं म्हणतच नसत. तिच्या घरी काहीही न बोलणारा माणूस म्हणजे रागावलेला माणूस.

“मी नुसती ऐकत होते,” ती म्हणाली.

“ऐक ना. ऐकतेयस हे त्यांना कळू देऊ नकोस.”

मग ती हट्टाला पेटली. चष्मेवाल्याची माणसं पानभरात आटपतात, माझी माणसं थांबता थांबत नाहीत, त्यांना जास्त आठवलं, हे चांगलंच नाही का, असं तिने बाईंना ऐकवलं. बाई शांत होत्या, आणि तेच जास्त झोंबलं.

“म्हणून तर ते बाद. त्यांना किती आठवतं ते मोजायचं होतं. तू त्यांना किती आवडलीस ते मोजलंयस.”

“मग मी यावरच प्रकल्प लिहिते.”

“यावर तुझ्या जन्माच्या आधी लिहून झालंय.”

हिवाळाभराचं काम पाण्यात गेलं. तीच माणसं परत चालणार नव्हती, कारण दुसऱ्यांदा सांगितलेली आठवण पहिल्यांदा सांगितल्यासारखी नसते. नवी शोधायची होती. तिने वाचनालयात, औषधांच्या दुकानांत, ज्येष्ठांच्या क्लबात चिठ्ठ्या लावल्या. क्लबातल्या बाईंनी विचारलं, मागच्यांचं काय झालं, ते तर म्हणाले फार छान मुलगी आहे. थोरलीने ओठ दाबून चिठ्ठी नीट चिकटवली.

रोज दुपारी चष्मेवाला तिच्यासमोर बसून मुद्दाम काहीबाही सांगायचा आणि ती दाढेखाली जीभ दाबून बसायची. ‘हं’ बंद झालं तर मान हलायची. “मान,” तो म्हणायचा. मान थांबली तर भुवया. “भुवया.” एकदा ती भडकली. “तुला घरी कुणी काही सांगत नाही का रे?”

त्याने विचार केला. “नाही,” तो म्हणाला आणि गोष्ट पुढे चालू केली.

शेवटी जमलं, आणि नको तिथेही जमलं. रविवारी आईचा फोन आला. बाबांना दुसऱ्या विभागात टाकलंय, ते घरी आल्यावर कुणाशी बोलत नाहीत, असं आई सांगत होती. थोरली खिडकीशी फोन धरून उभी होती.

“हॅलो? गेला का फोन?”

“नाही गं, आहे मी.”

“मग काही बोलत का नाहीस?”

“ऐकतेय ना.”

“कसलं ऐकतेयस, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय. तिकडे ‘हं’ म्हणायलाही बंदी आहे वाटतं.” आई जराशी हसली, मग म्हणाली, “असू दे. दमली असशील. सांगेन नंतर.”

ते ‘नंतर’ आलंच नाही. बाबांनी राजीनामा दिल्याचं तिला भावाकडून कळलं. आईने तुला सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं. सांगत होती, ती म्हणाली.

परीक्षा तोंडावर आल्या आणि एकच माणूस कमी पडत होतं. आले ते लिफ्ट दुरुस्त करणारे एक काका होते. कोट मांडीवर घडी घालून बसले. तिने वाक्य वाचलं. बाई दाराच्या काचेपलीकडून बघत होत्या.

“पहिल्याच दिवशी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली,” काकांनी सुरुवात केली. “मालक म्हणाले, तूच जा. आत एक बाई होत्या. ओरडत नव्हत्या, दार ठोकत नव्हत्या. मी वरून वाकून पाहिलं, तर त्या...” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाची कड बघत होती. जीभ दाढेखाली, मान ताठ, भुवया जागच्या जागी. काकांनी कोटाची घडी सारखी केली. “तर असं सगळं. काढलं त्यांना बाहेर. झालं.”

तिने रेकॉर्डर बंद केला.

“काका, त्या बाई काय करत होत्या?”

“तुम्हाला लागणारं मिळालं ना?”

“हो, पण...”

“मग झालं तर.” ते कोट चढवून निघालेसुद्धा.

बाई आत आल्या. रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आहे म्हणाल्या, आता तुझ्या वर्षाला धक्का नाही. थोरलीने त्यांचे आभार मानले आणि दारातून बाहेर पाहिलं. समोर लिफ्ट उघडी होती. काका लिफ्टला वळसा घालून जिन्याने चढत होते. का, तेही विचारायचं राहिलं.