खात्री असल्याशिवाय

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या एक एआय एजंट घ्यायचा. निकाल नोंदवायला त्याला एक टूल दिलेलं होतं आणि ते कधी वापरायचं, हे सांगणारा मजकूर मी लिहिला होता: चाचणी पास होवो वा नापास, नोंद करा. मॅनेजरसाहेबांनी त्यात आपलं एक वाक्य घुसडलं: 'पूर्ण खात्री असल्याशिवाय चाचणी नापास झाल्याची नोंद करू नये.' नापास चाचणी स्क्रीनवर लाल दिसते, आणि साहेबांना क्लायंटसमोर लाल नको होतं.

एजंट बिचारा सांगितलं तेवढंच करणार. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचण्यांची त्याला खात्री कुठून असणार? त्यानं त्या नोंदीतून गाळल्या. स्क्रीन हिरवीगार. सॉफ्टवेअर क्लायंटकडे रिलीज झालं आणि पहिल्याच सकाळी क्लायंटचं सगळं काम ठप्प झालं.

भर मीटिंगमध्ये साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मजकूर यांनी लिहिलाय." माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं वाक्य मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि विचारलं, "अहो, हे आपलंच ना?" त्यांनी माझी कॉलर धरली आणि माझं तोंड काचेच्या भिंतीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. ओठ फाटला, शर्ट रक्तानं भरला. अख्खी टीम बघत होती.

दुपारी एचआरच्या बाईंनी एकेकाला बोलावून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "नक्की काय झालं, खात्रीनं नाही सांगता येणार."

शेवटी टाके घातलेला ओठ घेऊन मी बाईंसमोर बसलो. त्या म्हणाल्या, "मग आम्ही नोंद तरी कशाची करायची?"